खाजणाला मागे सरकू द्या

समुद्राची पातळी वाढते आहे असे म्हटले, की आपल्यापुढे बहुधा एक नकाशा येतो. किनारपट्टीवर आतपर्यंत पसरलेला निळा रंग आणि खाली साल : 2050 किंवा 2100. अशा नकाशात जमीन जागच्या जागी राहते आणि पाणी तेवढे चढते. रस्ते, इमारती, रेल्वेचे रूळ यांच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. त्यांना आपली उंची बदलता येत नाही. पण भरतीच्या पाण्याखाली रोज, नाहीतर पंधरवड्याला येणारी खाडीकाठची खारी दलदल, म्हणजे खाजण, या हिशेबात बसत नाही. खाजणाची उंची समुद्रानेच घडवलेली असते. समुद्र चढला की तेही चढू शकते, आणि तेवढ्याने भागले नाही तर जमिनीच्या बाजूला मागे सरकू शकते. त्यामुळे खाजणे बुडतील का, हे तीन गोष्टींवर ठरते : समुद्र किती वेगाने चढतो, खाडीत गाळ किती येतो आणि मागे सरकायला जागा आहे की नाही. पहिली गोष्ट साऱ्या जगाने मिळून बिघडवली आहे. उरलेल्या दोन बऱ्याच अंशी स्थानिक आहेत, आणि कोकण-गोव्यापुरते बोलायचे तर तिसरी सगळ्यांत निर्णायक आहे. आपल्याकडे खाजणाला सरकायला जी जागा आहे, ती बव्हंशी खारबांधांच्या मागे आहे. त्या बांधांचे काय करायचे हे वेळेवर ठरवले नाही तर खाजणही जाईल आणि बांधामागची शेतीही, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी खाजण म्हणजे नेमके काय ते पाहू. अंबा नदीच्या धरमतर खाडीसारखी कोणतीही खाडी घ्या. ओहोटीला उघडा पडणारा गुळगुळीत चिखल सगळ्यांत खाली. त्याच्या वर, रोजच्या भरतीत न्हाणारी तिवरे. चिखलातून बोटाएवढी वर आलेली त्यांची श्वासमुळे गाळ अडवून धरतात. आणखी वर काटेरी पानांची मारांडी. त्याहून वर, जिथे अमावस्या-पौर्णिमेचे उधाणच काय ते पोचते, तिथे मांसल पानांचा मोरस आणि आखूड खारे गवत, मध्येच मीठ फुटलेले बोडके पट्टे. युरोप-अमेरिकेत खारी दलदल म्हणजे झाडे नसलेली, गवताळ दलदल. आपल्या उष्ण किनाऱ्यावर तिवरे आणि हे खुरटे खारे रान एकाच उतारावर शेजारी नांदतात. त्यांच्यातली सीमा ठरते ती भरतीचे पाणी किती वेळा आणि किती वेळ अंगावर येते यावरून. काही पट्ट्यांमधला उंचीचा फरक वीतभराचाही नसतो. म्हणून समुद्राची वीतभर वाढ, जी आपल्याला धक्क्यावर उभे राहून कळणारही नाही, खाजणात सगळी मांडणी बदलून टाकते. आणि ही मांडणी केवळ वनस्पतिशास्त्राची बाब नाही. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्ले, ओहोटीला चरायला आणि भरतीला टेकायला जागा शोधणारे स्थलांतरित पक्षी, आणि या सगळ्यावर पोट भरणारे खाडीतले मच्छीमार, यांचे वेळापत्रक त्या उतारावर बेतलेले असते.

खाजण चढते कसे, याची यंत्रणा साधी आणि मोठी चतुर आहे. भरतीचे पाणी गाळ घेऊन येते. रोपांच्या देठांतून जाताना त्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. मुळे कुजून मातीत भर घालतात. जागा खोलगट असेल तर पाणी जास्त वेळ साचते, म्हणून गाळही जास्त बसतो. ती वर आली की पाणी कमी वेळा येते आणि भर आपोआप कमी होते. म्हणजे समुद्र थोडा चढला तर खाजणाला गाळाचा वाटा वाढवून मिळतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बार्नस्टेबल येथील खाजणाचा अल्फ्रेड रेडफील्ड यांनी केलेला अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. हे खाजण सुमारे चार हजार वर्षे चढत्या समुद्राबरोबर वर येत आणि आजूबाजूला पसरत गेले, हे त्यांनी मातीच्या थरांवरून दाखवले. आजही हा चढ मिलिमीटरात मोजतात. आणखी आत जाईनाशी होईपर्यंत एक सळई खोलवर ठोकतात, तिच्या माथ्यावर आडवा दांडा बसवतात आणि त्यातून नऊ बारीक काड्या अलगद चिखलाला टेकवतात. सळई हलत नाही, चिखल वर-खाली होतो. काड्यांच्या उंचीतला वर्षावर्षाचा फरक हाच निकाल. शेजारी फेल्डस्पारची पांढरी भुकटी पसरून ठेवतात आणि काही वर्षांनी मातीची वडी कापून पाहतात, की पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला. दोन्ही आकडे एकत्र ठेवले की वर किती साचले आणि खाली माती किती दबली, हे वेगवेगळे कळते.

या मोजमापांतूनच खाजणांची मर्यादाही पुढे आली. मॅथ्यू कर्वन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये असे मांडले, की खाजणे बुडण्याचा धोका आपण वाढवून सांगत आलो आहोत. कारण बहुतेक अंदाज खाजणाला निश्चल धरून केलेले आहेत. हा आक्षेप रास्त होता, आणि ‘खाजणे स्वतःचे बघून घेतील’ असे म्हणणाऱ्यांना तो आवडतो. पण चढण्यालाही वेग असतो. नील सेंटिलन यांच्या चमूने 2020 मध्ये गेल्या दहा हजार वर्षांतला तिवरांचा इतिहास तपासला. समुद्र वर्षाला सहा मिलिमीटरांच्या पुढच्या वेगाने चढत असताना तिवरांना टिकाऊ भर घालता येत नव्हती, असे त्यातून दिसले. 2023 च्या त्यांच्याच अभ्यासात खाऱ्या गवताळ दलदलींसाठी वर्षाला चार मिलिमीटरांना तूट संभवते आणि सातला ती जवळपास अटळ ठरते. ब्रिटनमधल्या जुन्या थरांवरून बेंजामिन हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये काढलेला उंबरठाही सातच्या आसपासच आहे. वेगळ्या जागा, वेगळ्या पद्धती आणि उत्तर एकाच पट्ट्यातले, म्हणून ते गांभीर्याने घ्यायला हवे. आता समुद्राचा वेग पाहा. जगाच्या सरासरीने 1901 ते 1971 या काळात तो वर्षाला 1.3 मिलिमीटर होता, 2006 ते 2018 मध्ये 3.7 झाला. मुंबईच्या अपोलो बंदराजवळच्या भरतीमापकाची नोंद 1878 पासूनची आहे, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक; तिच्यातला दीर्घकालीन वेग वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी दिसतो. पण उपग्रहांच्या मोजणीनुसार 1993 ते 2012 या काळात उत्तर हिंदी महासागर वर्षाला सुमारे 3.2 मिलिमीटर चढला. म्हणजे आपली खाजणे आज बुडत नाहीत हे खरे, आणि उंबरठा फार लांब नाही हेही खरे.

आता गाळाकडे वळू, कारण चढण्याचे भांडवल तोच आहे. मिसिसिपी नदीच्या मुखाशी लुइझियानात 1932 ते 2016 या काळात सुमारे 4,800 चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. तिथे समुद्राबरोबरच खचती जमीन, तेलासाठी खणलेले कालवे आणि वरच्या धरणांनी व काठच्या बांधांनी अडवलेला गाळ यांचा हात आहे. व्हेनिसचे उदाहरण आणखी बोलके आहे. शहर उधाणापासून वाचवण्यासाठी 2020 पासून तिथले प्रचंड दरवाजे वादळात बंद होतात. पण तिथल्या खाजणांवर बसणाऱ्या गाळापैकी 70 टक्क्यांहून अधिक गाळ वादळी भरतीच आणते, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. शहराला वाचवणारा दरवाजा खाजणाची शिधासामग्रीही बाहेर ठेवतो. कोकणाची स्थिती या दोन्हींपेक्षा बरी आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस, आखूड आणि उताराच्या नद्या, उघडे पडलेले डोंगर यांमुळे आपल्या खाड्यांना गाळाची वाण नाही. ज्या गाळाने राजापूरसारखी जुनी बंदरे निकामी केली आणि ज्याच्या नावाने आपण आजवर बोटे मोडली, तोच गाळ खाजणांच्या दृष्टीने पुंजी आहे. शिवाय मुंबई-अलिबागच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरांपर्यंत जातो. गोव्यात तो याच्या निम्म्याच्या आसपास आहे. भरतीचा पल्ला मोठा असला की खाजणाला उंचीची मुभाही जास्त मिळते. त्यामुळे उत्तर कोकणातली खाजणे जगातल्या अनेक खाजणांपेक्षा जास्त तग धरतील, असे मानायला आधार आहे. गोव्यातल्या मांडवी-जुवारीच्या काठांना एवढी सवलत नाही.

मग चिंता कशाची? जागेची. मार्क शुअर्क आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये साऱ्या जगाच्या किनारी दलदलींचा अंदाज मांडला. आज आहे तेवढीच जागा धरली तर शतकाअखेर त्यांतल्या 30 टक्क्यांपर्यंत नष्ट होतील. पण त्यांना मागे सरकायला पुरेशी जागा मिळाली आणि गाळ टिकला, तर त्यांचे क्षेत्र 60 टक्क्यांपर्यंत वाढूही शकेल. समुद्र तोच, खाजणे तीच. फरक मागे काय आहे एवढ्याचा. हा निष्कर्ष कोकणाला लावून पाहिला की आपली अडचण उघडी पडते. सपाट किनाऱ्यांवर खाजण मैलोनमैल आत जाऊ शकते. आपल्याकडे खाडीपासून थोडे आत गेले की जांभ्याचा सडा किंवा डोंगराचा पायथा लागतो, आणि तिथे दलदल चढू शकत नाही. खाडी आणि डोंगर यांच्या मध्ये जी सपाट, सखल पट्टी आहे ती म्हणजे पेण-अलिबागचा खारेपाट, पनवेल-उरणची खारजमीन, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले खाडीकाठचे तुकडे आणि गोव्यातली खाजन शेती. ही सारी जमीन मुळात खाजणच होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनी बांध घालून ती भाताखाली आली. (गोव्यात अशा कसलेल्या जमिनीलाच खाजन म्हणतात, या लेखात खाजण म्हणजे बांधाबाहेरची दलदल.) म्हणून आपल्याकडे खाजणाचा प्रश्न आणि खारजमिनीचा प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. वनखात्याने एक हाताळावा आणि खारभूमी खात्याने दुसरा, अशी वाटणी कागदावर होते. पाणी ती मानत नाही.

या बांधांमागे किती बारकाईचे ज्ञान आहे, हे एखाद्या उघाडीपाशी दिसते. खारबांधात ठरावीक ठिकाणी दरवाजा असतो, त्याला रायगडात उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. लाकडी फळी वरून बिजागरीने लटकवलेली असते आणि ती खाडीच्या बाजूलाच उघडते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की तेच खारे पाणी फळी दाबून बंद करते. माणूस नाही, इंजिन नाही. पावसाळ्यात शेतातले मीठ धुऊन बाहेर जाते आणि भाताला गोडे पाणी मिळते. त्यासाठी रातासारख्या खारे सोसणाऱ्या जाती होत्या, गोव्यात कोरगुट होता. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’, ‘पनवेल-3’ या जाती दिल्या. बांध राखण्याची व्यवस्थाही होती. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिलोत्री पद्धतीत देखभालीसाठी कुळांकडून भाताचा वेगळा हिस्सा घेतला जाई. गोव्यात गावकारी आणि शेतकऱ्यांच्या मंडळ्या ते काम पाहत, मानशीवरच्या मासेमारीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, खर्च भागे. ही व्यवस्था न्यायाची होती असे नाही. 1933 ते 1939 असा सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप याच खारेपाटातला, आणि तो खोतीच्या जाचाविरुद्ध होता. पण कूळकायद्यांनी जुने धनी गेले, तेव्हा बांध कोणाचा हा प्रश्न अर्धवटच सुटला. 1948 चा मुंबई खारजमीन कायदा आणि 1979 चा महाराष्ट्राचा कायदा यांनी ती जबाबदारी बऱ्याच अंशी सरकारकडे आणली. सरकारी बांध दुरुस्त होतात ते निधी आल्यावर. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, मात्र पडते ते उधाणाच्या दिवशी.

इथे पहिला आणि सर्वांत स्वाभाविक आक्षेप येतो : बांध उंच आणि पक्के करा, प्रश्न मिटला. शहराच्या, बंदराच्या, दाट वस्तीच्या मागे हेच करावे लागेल, त्यात वाद नाही. पण शेतीमागच्या शेकडो किलोमीटर बांधांना हा उपाय लावताना दोन गोष्टी नजरेआड होतात. एक, बांधाने समुद्र अडतो तसा गाळही अडतो. बाहेरचे खाजण दरवर्षी थोडे थोडे चढते. आतली जमीन गाळाला मुकते, कोरडी पडते, दबते आणि खाली जाते. नैर्ऋत्य बांगलादेशात 1960 च्या दशकात बांधलेल्या वेढ्यांच्या आत, ज्यांना पोल्डर म्हणतात, जमीन लगतच्या सुंदरबनापेक्षा एक ते दीड मीटर खाली गेल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोल्डर क्रमांक 32 च्या अभ्यासाने दाखवले. समुद्र तेवढा चढला नव्हता. माणसांनीच जमीन खाली ठेवली होती. 2009 च्या आयला वादळात तिथले बांध फुटले तेव्हा पाणी महिनोन्‌महिने निघाले नाही, याचे कारण हीच खोली. उंच बांधामागे दरवर्षी खोल होत जाणारी बशी, म्हणजे बांध फुटेल त्या दिवसाचे नुकसान दरवर्षी वाढवत नेणे. शिवाय उघाडी चालते ती ओहोटीच्या जोरावर. बाहेरची पातळी चढली की फळी उघडी राहण्याचा अवधी आखडतो आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबते. म्हणजे बांध शाबूत असतानाही शेत जाऊ शकते.

दुसरी गोष्ट बांधाबाहेरची. समुद्र चढतो आणि मागे भिंत हलत नाही, तेव्हा मधला पट्टा चिमटीत सापडतो. खालची तिवरे वर सरकतात, वरचा मोरस आणि खारे गवत सरकायला जागा नसल्याने आधी जाते, मग तिवरांचीही रुंदी घटते. एरवी लाटेचा जोर हाच पट्टा मोडतो. जर्मनीतल्या हॅनोव्हर येथील तीनशे मीटर लांबीच्या प्रयोगकुंडात खऱ्या दलदलीचे तुकडे बसवून आइरिस म्योलर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे तपासले : वादळी पातळीतही अवघ्या चाळीस मीटर खाजणाने लाटा खाली आणल्या, आणि त्या घटीतला 60 टक्क्यांपर्यंतचा वाटा वनस्पतींचा होता. खाजण गेले की लाट थेट बांधावर येते. मग बांध आणखी उंच, पाया आणखी रुंद, दगड आणखी जास्त. बांध वाचवण्यासाठी बांध वाढवत जाण्याचे हे चक्र इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्याने पुरते अनुभवले आहे. 31 जानेवारी 1953 च्या रात्रीच्या महापुरात इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर भिंती उंचावल्या, आणि पुढच्या दशकांत त्यांच्यापुढची खाजणे झिजत गेली.

त्याच किनाऱ्यावर 1991 मध्ये नॉर्दी बेटावर बांध मुद्दाम खाली आणून आतल्या एका हेक्टराहून कमी जमिनीवर भरती येऊ दिली. 1995 मध्ये टॉल्सबरीला तोच प्रयोग 21 हेक्टरांवर झाला. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी खणलेली सुमारे 30 लाख टन माती वॉलसी बेटावर नेऊन खाली गेलेली जमीन उचलली आणि 2015 मध्ये बांध फोडला. वेस्ट ससेक्समधले मेडमेरी हे याचे सर्वांत नीट आखलेले उदाहरण. तिथल्या गोट्यांच्या बंधाऱ्यावर दर हिवाळ्यात खर्च होई, तरी 2008 मध्ये पाणी घुसलेच. मग आत सुमारे सात किलोमीटरांचा नवा बांध घातला आणि सप्टेंबर 2013 मध्ये जुना फोडला. पुढचाच हिवाळा कमालीचा वादळी होता. नव्या बांधामागची घरे कोरडी राहिली. मात्र यातून नवे खाजण जुन्यासारखेच उभे राहते, असा अर्थ काढू नये. अशा ठिकाणी काही दशकांनंतरही वनस्पतींची विविधता नैसर्गिक खाजणापेक्षा कमी आढळते, कारण नांगरलेली, दबलेली जमीन लवकर निचरा होऊ देत नाही. म्हणून आहे ते खाजण मोडून ‘दुसरीकडे तयार करू’ हा सौदा वाईटच. पण समुद्रामुळे जे जाणारच आहे त्याला जागा देण्यासाठी हा मार्ग चालतो, हे सिद्ध आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. एसेक्सचा जमीनदार आणि खारेपाटातला दोन-चार एकरांचा धनी यांची बरोबरी कशी करायची? पिढ्यांनी समुद्राकडून मिळवलेली जमीन पक्ष्यांसाठी परत द्या, हे त्याला कोण सांगणार? प्रश्न रास्त आहे. पण शेतकऱ्याला आज मिळते ते याहून वाईट आहे. बांधाला खांड पडते, दुरुस्ती लांबते, दोन-तीन उधाणांत शेत खारे होते आणि काही वर्षांत तिथे तिवरे उभी राहतात. कांदळवने तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा 2005 पासून मनाई आदेश आहे, आणि 2018 च्या निकालाने जमीन कोणाचीही असो, कांदळवनाला आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण दिले. तो निकाल आवश्यकच होता. त्याच्याशिवाय भराव टाकणाऱ्यांना रान मोकळे होते. पण त्याचा एक परिणाम असा, की सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, त्यावरचे झाड कायद्याच्या ताब्यात आणि पीक शून्य. समाजाला लाटा मोडणारे, मासे पोसणारे, कार्बन चिखलात गाडून ठेवणारे खाजण मिळाले. त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने मोजली. मी मांडतो आहे ती माघार या निमूट माघारीला पर्याय म्हणून. जिथे बांध सोडायचा तिथे आधी मोबदला : जमीन बाजारभावाने विकत घ्यायची, किंवा ती मालकाकडेच ठेवून खाजण राखल्याबद्दल वर्षासनासारखा करार करायचा आणि मासेमारी, चिंबोरीपालन यांचा हक्क त्यालाच द्यायचा.

आणि जमीन कायमची सोडावी लागते असेही नाही. बांगलादेशातल्या जेसोर-खुलना भागात पोल्डरांमुळे नद्या गाळाने भरल्या आणि शेतांत पाणी कायमचे तुंबले, तेव्हा 1997 मध्ये बिल भायना या सखल भागात स्थानिक लोकांनी स्वतःच बांध कापला. काही वर्षे भरती आत येऊ दिली. गाळ बसून जमीन सरासरी मीटरभर वर आली, नदीही खोल झाली, आणि मग बांध बंद करून शेती पुन्हा सुरू केली. सरकारने पुढे ही पद्धत स्वीकारली. ती पुढे सगळीकडे यशस्वी झाली नाही, याचे मुख्य कारण शिकण्यासारखे आहे : ज्यांची शेते त्या काळात पाण्याखाली जाणार होती त्यांना भरपाई वेळेवर मिळाली नाही आणि गाळ समान बसला नाही, म्हणून भांडणे झाली. तंत्र गावाकडे होते; कमी पडला तो पैसा आणि विश्वास. उत्तर कोकणात गाळ भरपूर आणि भरतीचा पल्ला मोठा असल्यामुळे, खोल गेलेले काही खारजमिनीचे तुकडे पाळीपाळीने भरतीला देऊन वर आणण्याचा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

तिसरा आक्षेप असा, की तिवरे तर वाढतच आहेत, मग ओरड कशाला? भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालात महाराष्ट्रात 315 चौरस किलोमीटर कांदळवन आहे, 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत गेली. हे सारे मोलाचे आहे. पण तिवरांचा हिरवा रंग उपग्रहाला चटकन दिसतो म्हणून त्यालाच खाजणाची प्रकृती समजणे चूक ठरेल. तिवरे बऱ्याचदा उघड्या चिखलावर किंवा वरच्या खाऱ्या रानावर पसरतात. रोहित पक्ष्यांना चरायला चिखल लागतो आणि भरतीच्या वेळी तुतवारांना टेकायला उघडी, उंच जागा. ठाणे खाडीकाठची मिठागरे नेमकी ही वरची जागा पुरवत आली आहेत, म्हणूनच त्यांना ‘पडीक’ ठरवून बांधकामाखाली आणणे खाडीला महागात पडते. उतार सलग असेल तरच चिखल, तिवर आणि मोरस हे तिन्ही टिकतात.

कायदा या बाबतीत अर्धा मार्ग चालला आहे. 2011 आणि 2019 च्या किनारी नियमन अधिसूचनांनी खाऱ्या दलदली, कांदळवने, चिखलपट्टे यांना सर्वोच्च संरक्षणाच्या वर्गात ठेवले. पण हे संरक्षण खाजण आज जिथे आहे त्या जागेला आहे. पन्नास वर्षांनी ते जिथे असायला हवे, त्या जागेला नाही. पुराचा आणि समुद्रवाढीचा विचार करून आखलेली धोकारेषा 2019 च्या अधिसूचनेने आपत्ती नियोजनाचे साधन म्हणून ठेवली, बांधकाम रोखणारी रेषा म्हणून नाही. त्यामुळे बांधामागच्या सखल जमिनीवर भराव पडत राहतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवून सखल जमीन मीटरामीटरांनी उचलली गेली. उरण-पनवेलच्या बाजूला बंदर, गोदामे, वसाहती यांखाली अशी जमीन वेगाने जाते आहे. एकदा भराव पडला की खाजणाला मागे सरकण्याची वाट कायमची बंद, आणि बाहेर अडलेले पाणी शेजारच्या गावाच्या बांधावर अधिक जोराने येते.

म्हणून करायचे काय, तर खाडीनिहाय तीन याद्या. वस्ती, रस्ते, पिण्याचे पाणी यांच्यासाठी जे बांध कोणत्याही किमतीत राखायचे ते पहिल्या यादीत. त्यांच्यापुढे रुंद खाजण राखणे हा खर्चाचाच भाग समजायचा. जिथे शेती चांगली चालते आणि जमीन फार खोल गेलेली नाही, ते दुसऱ्या यादीत : तिथे उघाड्या वेळेवर दुरुस्त व्हाव्यात, त्यासाठीचा निधी पावसाळ्याआधी गावाच्या हाती असावा आणि शक्य तिथे पाळीने गाळ घ्यावा. जिथे वारंवार खांडी पडून शेती संपलेलीच आहे ते तिसऱ्या यादीत, मोबदला देऊन आणि आतल्या बाजूला नवा बांध घालून समुद्राला मोकळे करायचे. याद्या ग्रामसभेत ठरल्या पाहिजेत, आणि त्याआधी प्रत्येक खाडीत सळया रोवून खाजण किती चढते व बांधामागची जमीन किती खचते हे मोजले पाहिजे. नाहीतर तिसरी यादी दुबळ्या गावांची यादी होऊन बसेल. यातले काहीच हवामानबदलाला उत्तर नाही. शतकाअखेर समुद्र अर्धा मीटर चढतो की एक मीटर, हे जगाच्या धुरांड्यांवर ठरेल, आणि सात मिलिमीटरांचा वेग गाठला तर मोकळी जागाही खाजणांना फार काळ तारणार नाही. पण तोवरची वर्षे आपल्या हाती आहेत. माघार तर सुरूच आहे. दर पावसाळ्यात जिथे खांड पडते आणि बुजवली जात नाही, तिथे एकेक तुकडा समुद्राला जातो, फक्त त्यावर कोणाची सही नसते. उधाणाने फोडून घेतलेली जमीन आणि ठरवून, मोबदला देऊन सोडलेली जमीन यांत एकरांचा फरक कदाचित पडणार नाही. पहिल्या वाटेने शेतकऱ्याच्या हाती नुसता सातबारा राहतो, दुसरीने शेतकरी आणि खाजण दोघेही उभे राहू शकतात.